चेसिस नंबर ऑनलाइन टाकण्याआधी: सतरा अक्षरं काय काय सांगून जातात

चेसिस नंबराबद्दल दोन सल्ले हमखास ऐकायला मिळतात. एक म्हणतो, हा नंबर कुणाला म्हणजे कुणालाच सांगू नका. दुसरा म्हणतो, तो तर समोरच्या काचेतून रस्त्याने जाणाऱ्यालाही दिसतो, त्यात लपवायचं काय? दोन्हींत तथ्य आहे आणि दोन्ही अर्धेच आहेत. काचेतून नंबर वाचणाऱ्याला गाडी दिसते, मालक दिसत नाही. तोच नंबर जाहिरातीत आला की त्याच्या शेजारी तुमचं नाव, फोन, राहता भाग, गाडीचा रंग आणि ती किती किलोमीटर पळाली हेही येतं. शिवाय हे सगळं शोधल्यावर सापडेल अशा रूपात वर्षानुवर्षं पडून राहतं. धोका या जोडणीत आहे. नंबर हा दोरा आहे; एरवी विखुरलेले मणी तो एका माळेत ओवतो.

सतरा अक्षरांत काय लिहिलेलं असतं

नोंदणीपत्रावर आणि विम्याच्या पॉलिसीवर ज्याला चेसिस नंबर म्हणतात, त्यालाच जगभर व्हीआयएन म्हणतात. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने गाड्यांवर नंबर ठोकत असे. अमेरिकेने १९८१ च्या मॉडेलपासून सतरा अक्षरांचा साचा सक्तीचा केला. आयएसओ ३७७९ या आंतरराष्ट्रीय मानकाचा साचाही सतरा अक्षरांचाच आहे. यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच येत नाहीत, कारण एक आणि शून्य यांच्याशी त्यांची गल्लत होते. नंबर वाचताना ओ दिसल्यासारखा वाटला तर तो शून्यच समजा.

पहिली तीन अक्षरं गाडी जगाच्या कोणत्या भागातल्या कोणत्या कंपनीची ते सांगतात. चौथ्यापासून आठव्यापर्यंत मॉडेल, बॉडी, इंजिन, एअरबॅग आणि सीटबेल्टची रचना अशी माहिती असते; ती कशी मांडायची हे कंपनी ठरवते. नववं अक्षर पडताळणीचं, त्याच्याकडे पुढे येऊ. दहावं बहुतेक ठिकाणी मॉडेलचं वर्ष दाखवतं: ए म्हणजे १९८० किंवा २०१०, एस म्हणजे १९९५ किंवा २०२५, कारण ही खूण दर तीस वर्षांनी फिरून येते. अकरावं साधारणपणे कारखान्याचं. उरलेल्या सहा जागांवर त्या गाडीचा अनुक्रमांक असतो.

खासगीपणाच्या दृष्टीने इथे एक सरळ रेघ मारता येते. एका मॉडेलच्या हजारो गाड्यांची पहिली अकरा अक्षरं सारखीच असतात. त्यातून "या वर्षीची, या इंजिनाची, या कारखान्यातली" एवढंच कळतं. शेवटची सहा जोडली की जगातली एकच गाडी उरते. म्हणून मॉडेल किंवा इंजिन ओळखण्यासाठी कुणी नंबर मागितला तर पहिली अकरा अक्षरं मोकळेपणाने द्या, शेवटची सहा झाका. अमेरिकेच्या एनएचटीएसए या रस्ता सुरक्षा संस्थेचा मोफत डीकोडर असा अपुरा नंबरही वाचतो.

उलटं मात्र करू नका. काही जण सुरुवातीची अक्षरं झाकतात आणि शेवटची उघडी ठेवतात. गाडी कोणती आणि कोणत्या वर्षाची हे फोटोत आणि जाहिरातीच्या मजकुरात दिसतच असतं, त्यामुळे झाकलेला भाग जाणकाराला सहज भरता येतो. कित्येक सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीची नोंद शोधायला शेवटची सात-आठ अक्षरंच टाकतात, हे लक्षात घेतलं म्हणजे या झाकण्याची किंमत कळते.

पार्टच्या बाबतीत एक खरी अडचण आहे. मॉडेल तेच असताना वर्षाच्या मधेच एखादा पार्ट बदललेला असू शकतो: ब्रेकचा कॅलिपर, एखादा सेन्सर, वायरिंगचा सॉकेट. कॅटलॉगमध्ये मग "अमुक अनुक्रमांकापर्यंत हा, त्यापुढे तो" अशी नोंद असते. अकरा अक्षरांवर मागवलेला पार्ट तिथे बसणार नाही. अशा वेळी पूर्ण नंबर लागतोच; तो पार्ट विकणाऱ्याला खासगी संदेशात द्या, सगळ्यांना दिसेल असा टाकू नका.

फार थोड्या गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांचा साचा वेगळा असतो. तिथे तिसरं अक्षर ९ असतं, बारावं ते चौदावं कंपनीची ओळख सांगण्यातच खर्च होतात, आणि अनुक्रमांकाला तीनच जागा उरतात. गाडी इतकी दुर्मीळ असेल तर नंबर झाकूनही मालक ओळखू येण्याची शक्यता मोठी आहे.

एक आकडा झाकून काही होत नाही

फोटोत शेवटचा एखादा आकडा बोटाने झाकायचा आणि निर्धास्त व्हायचं, ही सवय फार पसरलेली आहे. उत्तर अमेरिका आणि चीनच्या बाजारासाठी बनलेल्या गाड्यांत हे झाकणं निरर्थक आहे, आणि त्याचं कारण नवव्या जागेवर बसलेलं आहे.

तिथला आकडा बाकीच्या सोळा अक्षरांवरून हिशेबाने काढलेला असतो. प्रत्येक इंग्रजी अक्षराला एक ठरलेली किंमत आहे, आकड्याची किंमत तोच आकडा. प्रत्येक जागेला एक वजन आहे: पहिल्यापासून आठव्यापर्यंत ८, ७, ६, ५, ४, ३, २, १०, नवव्याला शून्य, दहाव्यापासून पुढे ९, ८, ७, ६, ५, ४, ३, २. किंमत गुणिले वजन, सगळ्यांची बेरीज, तिला ११ ने भागायचं. जी बाकी उरते ती नवव्या जागेवर लिहायची. बाकी १० आली तर एक्स. सतराही जागांवर १ लिहून पाहा. वजनांची बेरीज ८९ येते, ८९ ला ११ ने भागल्यावर बाकी १ उरते, आणि नवव्या जागेवर १ आहेच. म्हणजे हिशेब जुळला.

ही योजना टायपिंगच्या चुका पकडण्यासाठी केलेली आहे, पण झाकलेला आकडा शोधायलाही तिचाच उपयोग होतो. अनुक्रमांकातला एक आकडा लपवला तर तिथे ० ते ९ असे दहाच पर्याय. ११ ही मूळ संख्या असल्याने दहाही पर्यायांची बाकी वेगवेगळी येते, आणि नवव्या आकड्याशी त्यांतली एकच जुळते. कागद-पेन्सिलीने दोन मिनिटांत उत्तर मिळतं. दोन आकडे झाकले तर शंभरातून नऊ-दहा शक्यता उरतात, तीन झाकले तर नव्वदच्या आसपास. सहाही झाकले तर दहा लाखांपैकी सुमारे ९१ हजार शिल्लक राहतात. ज्या गाड्यांच्या नंबरात पडताळणीचा आकडा नसतो, तिथे हा मार्ग बंद आहे, पण दहा पर्याय एकेक करून तपासायलाही कितीसा वेळ लागतो! झाकायचे तर सहाच्या सहा झाका.

चोर या नंबराचं काय करतात

पहिला आणि सगळ्यात जुना प्रकार म्हणजे जोडगाडी. चोरलेल्या गाडीवर तिचा खरा नंबर ठेवला तर ती पकडली जाते. म्हणून तशाच मॉडेलची, त्याच रंगाची, त्याच वर्षाची आणि कागदपत्रं स्वच्छ असलेली गाडी शोधायची, तिचा नंबर चोरीच्या गाडीवर चढवायचा आणि बनावट कागद करून ती विकायची. विक्रीच्या जाहिराती हे या कामाचं तयार दुकान आहे: फोटोत रंग आणि ट्रिम दिसते, मजकुरात वर्ष आणि किलोमीटर असतात, आणि वर नंबरही मिळतो. खऱ्या मालकाला याचा पत्ता लागतो तो अनोळखी शहरातल्या दंडाची नोटीस आल्यावर, न ओलांडलेल्या नाक्याचा टोल कापला गेल्यावर, किंवा विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी "या नंबरावर आधीच एक दावा आहे" असं ऐकल्यावर. जोडगाडी विकत घेणाऱ्याचं नुकसान त्याहून मोठं. गाडी जप्त होते आणि पैसे बुडतात.

दुसरा प्रकार किल्लीचा. किल्ली हरवल्यावर अधिकृत दुकानात चेसिस नंबरावरून नवी बनवता येते, कारण कंपनीच्या नोंदींत त्या नंबरासमोर किल्लीचा कोड असतो. मालकीचा पुरावा मागणं ही इथली भिंत. ती कशी ओलांडली जाते याचं उदाहरण मे २०१७ मध्ये अमेरिकी न्याय विभागाने उघड केलं. सॅन दिएगो परिसरातून २०१४ पासून सुमारे १५० जीप चोरीला गेल्या होत्या, त्यांत रँग्लर हे मॉडेल बहुसंख्य. सीमेपलीकडच्या तिहुआनातली मोटरसायकलस्वारांची टोळी आधी ठरलेल्या जीपच्या काचेतून नंबर टिपून घ्यायची. त्या नंबरावरून डेटाबेसमधून दोन कोड मिळवायची, एक किल्ली कापण्याचा आणि दुसरा तिच्यातली चिप गाडीशी जुळवण्याचा. मग रात्री जाऊन अलार्म बंद करायचा, कापलेली किल्ली लावायची, हातातल्या यंत्राने चिप जुळवायची आणि जीप सीमेपार न्यायची. किल्लीचे कोड बाहेर पडले नसते तर नुसत्या नंबराने काहीच साधलं नसतं. पण सुरुवात नंबरापासूनच झाली. त्यासाठी त्या टोळीला प्रत्येक जीपपाशी जावं लागत होतं. जाहिरातीत नंबर उघडा असला की तेही करावं लागत नाही.

तिसरा प्रकार फोनवरचा. "तुमच्या गाडीची वॉरंटी संपत आली आहे" असं कुणीही म्हणू शकतो. पण समोरचा माणूस मॉडेल, वर्ष, पूर्ण चेसिस नंबर आणि शेवटच्या सर्व्हिसची तारीख बोलून दाखवतो तेव्हा सावध माणसालाही तो कंपनीचाच वाटतो. ही सगळी माहिती एका बिलाच्या फोटोत असते. उलट दिशेनेही हेच घडू शकतं: ग्राहकसेवा केंद्रात चेसिस नंबर आणि नाव सांगितलं की पुढचं दार उघडतं, अशी सैल पद्धत काही ठिकाणी अजून आहे. तुमच्या गाडीच्या कंपनीने फोनवरच्या ओळखीसाठी वेगळा पिन ठरवायची सोय दिली असेल तर तो आजच ठरवा.

इंटरनेटला जोडलेल्या गाड्या: नंबर हाच पासवर्ड झाला तेव्हा

मोबाइलवरून दार उघडणं, एसी सुरू करणं, गाडी कुठे उभी आहे ते पाहणं या सोयी आल्या तशी चेसिस नंबराची भूमिकाही बदलली. कंपनीच्या सर्व्हरवर प्रत्येक गाडीची ओळख हाच नंबर आहे. ओळख आणि परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी. त्यांची गल्लत झाली की प्रश्न उभा राहतो.

फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरक्षा संशोधक ट्रॉय हंट यांनी निसान लीफ या इलेक्ट्रिक गाडीच्या अॅपमधली त्रुटी जाहीर केली. अॅपमागचा सर्व्हर मालकाची खातरजमा करतच नव्हता, त्याला फक्त चेसिस नंबर पुरत होता. त्या नंबरावर दूर बसून एसी चालू करता येत होता, म्हणजे बॅटरी उतरवता येत होती, आणि गाडीच्या फेऱ्यांच्या नोंदी पाहता येत होत्या. एका गाडीपासून दुसरीपर्यंत नंबरातले शेवटचे पाच आकडेच बदलत होते, त्यामुळे नंबर कुणी सांगायचीही गरज नव्हती. एकामागून एक आकडे टाकत गेलं की कुठली तरी गाडी उत्तर देई. गोष्ट बाहेर आल्यावर निसानने ती सेवा बंद केली.

नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरक्षा संशोधक सॅम करी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिरियसएक्सएम या अमेरिकी रेडिओ कंपनीच्या, गाड्या इंटरनेटला जोडणाऱ्या सेवेत अशीच फट दाखवली. होंडा, निसान, इन्फिनिटी आणि अॅक्युरा या गाड्या केवळ चेसिस नंबराच्या आधारे दुरून उघडता, सुरू करता आणि शोधता येत होत्या. त्याच गटाने २०२४ मध्ये कियाच्या बाबतीत एक पाऊल मागे जाऊन सुरुवात केली: हाती फक्त नंबरप्लेट. प्लेटवरून चेसिस नंबर मिळवून देणारी सेवा बाजारात होती, आणि त्यापुढे कियाच्या डीलर व्यवस्थेतल्या दोषामुळे मालकाचं नाव, फोन, ईमेल आणि पत्ता हाती येई. एवढंच नाही, मालकाला कळू न देता स्वतःला त्या गाडीचा दुसरा वापरकर्ता म्हणून जोडून घेता येई. हे सारे दोष कळवल्यावर दुरुस्त झाले आहेत.

या घटनांत दोष कंपन्यांचा होता, मालकांचा नव्हता, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. सर्व्हर कच्चा असेल तर तुम्ही नंबर कितीही जपलात तरी यंत्र तो अंदाजाने शोधेल. फरक एवढाच की अंदाजाने कुठली तरी गाडी सापडते, जाहिरातीतून नेमकी तुमची. ज्याला एखाद्या विशिष्ट माणसाचा माग काढायचा आहे, मग तो पाठलाग करणारा असो की दुखावलेला जुना जोडीदार, त्याच्यासाठी हाच फरक मोलाचा आहे. कियाच्या उदाहरणावरून आणखी एक गोष्ट घ्यायची: चेसिस नंबर झाकून नंबरप्लेट उघडी ठेवली तर काम अर्धंच झालं.

कायद्याने हे नातं ओळखायला वेळ घेतला. अमेरिकेत १९८९ साली अभिनेत्री रेबेका शेफर यांचा खून झाला. खुन्याने त्यांचा पत्ता खासगी गुप्तहेरामार्फत वाहन विभागाच्या नोंदींतून मिळवला होता. त्या पार्श्वभूमीवर १९९४ मध्ये वाहनचालकांच्या नोंदी जपणारा संघीय कायदा झाला. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ९ नोव्हेंबर २०२३ रोजी स्कॅनिया खटल्यात सांगितलं की, चेसिस नंबर आपोआप वैयक्तिक माहिती ठरत नाही, पण ज्याच्याकडे तो नंबर एखाद्या व्यक्तीशी जोडण्याची वाजवी साधनं आहेत त्याच्यासाठी तो वैयक्तिक माहितीच असतो. जोडणीचा मुद्दा इतक्या नेमकेपणाने क्वचितच मांडला गेला आहे.

फोटोत नंबर कुठे कुठे लपलेला असतो

मजकुरात नंबर लिहायचा नाही हे बहुतेकांना जमतं. फसायला होतं ते फोटोत. समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, चालकाच्या बाजूच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर, बॉनेटखाली इंजिनमागच्या पत्र्यावर, काही गाड्यांत पुढच्या सीटखाली चेसिसवर ठोकलेला, कधी खिडक्यांच्या काचांवर कोरलेला. डॅशबोर्डचा सुंदर फोटो काढताना काचेत त्या पट्टीचं प्रतिबिंबही येतं. आजच्या फोनचे कॅमेरे इतके तपशीलवार आहेत की पूर्ण गाडीच्या फोटोतूनही मोठं करून आकडे वाचता येतात.

स्टिकरवरचा बारकोड किंवा चौकोनी ठिपक्यांचा कोड हा सगळ्यात जास्त निसटणारा भाग. आकडे काळजीपूर्वक झाकलेले आणि शेजारचा बारकोड जसाच्या तसा, असे फोटो सर्रास दिसतात. त्या कोडमध्ये बहुधा तोच नंबर असतो आणि साधं स्कॅनर अॅप तो वाचतं.

बिघाडाबद्दल विचारताना लोक स्कॅनरचे स्क्रीनशॉट टाकतात. बिघाड तपासण्यासाठी गाडीत दिलेल्या ओबीडी सॉकेटला लावलेलं यंत्र गाडीच्या कंप्युटरकडून चेसिस नंबर मागून घेऊ शकतं, आणि बरीच अॅप तो अहवालाच्या माथ्यावर छापतात. स्क्रीनशॉटमध्ये तो निदान दिसतो तरी. लॉग फाइल जोडली तर तो पहिल्या काही ओळींत असतो आणि लक्षातही येत नाही. फाइल आधी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, स्वतःचा नंबर शोधा, खोडा, मग पाठवा. फाइलच्या नावातही तो असू शकतो. गाडीच्या टचस्क्रीनवरच्या "वाहनाविषयी" या पानावर, सर्व्हिसच्या बिलावर, विम्याच्या कागदावरही हीच काळजी.

किल्लीचा फोटो मात्र टाकूच नका. किल्लीसोबत आलेल्या छोट्या पत्र्याच्या टॅगवर छापलेला क्रमांक थेट कापण्याच्या कोडाकडे नेतो. टॅग नसला तरी पात्याचे दात फोटोतून मोजता येतात: २००८ मध्ये सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी सुमारे ६० मीटर लांबून, इमारतीच्या गच्चीवरून काढलेल्या फोटोवरून किल्लीची नक्कल करता येते हे दाखवून दिलं होतं. ती साधी घराची किल्ली होती, पण दात मोजण्याची रीत तीच.

शेवटी फोटोच्या पोटातली माहिती. फोनने फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवलेले असतात. मोठी संकेतस्थळं फोटो चढवताना ती बहुधा काढून टाकतात, पण ईमेलने किंवा "डॉक्युमेंट" म्हणून पाठवलेल्या फोटोत ती शाबूत राहतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करून मगच गाडीचे फोटो काढा. घराच्या दारातही काढू नका. मागे घराचा क्रमांक, इमारतीचं नाव, कोपऱ्यावरची पाटी असं काहीतरी येतंच.

झाकायचं कसं

उत्तम उपाय म्हणजे फोटो काढण्याआधीच झाकणं. कागदाची पट्टी, चिकटपट्टी, हातरुमाल, काहीही चालेल. जे कॅमेऱ्याने पाहिलंच नाही ते कुणी परत मिळवू शकत नाही. काचेजवळची पट्टी कायमची मात्र झाकून ठेवू नका. काही देशांत ती बाहेरून वाचता येणं कायद्याने आवश्यक आहे.

फोटो आधीच काढला असेल तर नंबरावर पूर्ण अपारदर्शक, एकाच रंगाचा चौकोन बसवा. फोनमधला मार्करचा ब्रश अनेकदा किंचित पारदर्शक असतो. डोळ्यांना काळा दिसणारा तो पट्टा उजेड आणि कॉन्ट्रास्ट वाढवल्यावर खालचे आकडे दाखवतो. धूसर करणं किंवा ठिपके-ठिपके करणं हेही भरवशाचं नाही. चेसिस नंबरात नेमकी अक्षरसंख्या, ठरलेला साचा आणि वर पडताळणीचा हिशेब असल्याने धूसर आकृतीशी पर्याय ताडून पाहणं सोपं जातं. पीडीएफवर काळा चौकोन ठेवला तर खालचा मजकूर बहुधा तसाच राहतो आणि निवडून कॉपी करता येतो. त्या पानाचं चित्र करून घ्या, मग झाका.

कापलेल्या फोटोबद्दलही एक इशारा आहे. मार्च २०२३ मध्ये उघड झालं की गुगल पिक्सेल फोनमधल्या मार्कअप या साधनाने कापलेल्या किंवा खोडलेल्या स्क्रीनशॉटमध्ये जुन्या चित्राचा काही भाग फाइलच्या शेवटी शिल्लक राहत होता आणि तो परत मिळवता येत होता. विंडोजच्या स्निपिंग टूलमध्येही तसाच दोष निघाला. दोन्ही दुरुस्त झाले, पण त्याआधी पाठवलेल्या फाइली दुरुस्त होत नाहीत. झाकलेलं चित्र पडद्यावर उघडून त्याचा नवा स्क्रीनशॉट घ्यायचा आणि तोच पाठवायचा, ही सवय अशा दोषांतूनही वाचवते.

विकताना आणि विकत घेताना

खरेदीदाराने पूर्ण नंबर मागणं रास्तच आहे. गाडी चोरीची नाही ना, अपघातात मोडून पुन्हा उभी केलेली नाही ना, कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांत तिचा नंबर नाही ना, हे तपासायला तो लागतो. नंबर द्यायला साफ नकार देणारा विक्रेता उलट संशयास्पद ठरतो. म्हणून क्रम ठरवा. जाहिरातीत पहिली अकरा अक्षरं किंवा काहीच नको. फोनवर बोलणं झालं, माणूस खरा वाटला, भेट ठरली, की खासगी संदेशात पूर्ण नंबर. नोंदणीपत्राचा फोटो पाठवू नका. नाव, पत्ता, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर चारही त्यात एकत्र असतात, आणि बनावट कागद करायला नमुनाही मिळतो. कागद भेटीत दाखवा. घेणाऱ्यानेही काच, दाराचा खांब आणि चेसिस या तिन्ही जागांचे नंबर कागदाशी ताडून पाहावेत. एखाद्या जागी खरवडल्याच्या खुणा, वेगळ्या धाटणीचे आकडे किंवा उचकटलेले रिव्हेट दिसले तर व्यवहार थांबवावा.

एका ठरलेल्या फसवणुकीपासून विक्रेत्यांनी जपावं. "खरेदीदार" उत्साहाने बोलतो, भाव मान्य करतो, आणि म्हणतो की अमुक संकेतस्थळावरचा गाडीचा अहवाल काढून पाठवा, मी लगेच येतो. ते संकेतस्थळ त्याचंच असतं. तिथे चेसिस नंबर, नाव आणि कार्डाचे तपशील भरले की खरेदीदार गायब. अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहकसंरक्षण संस्थेने या प्रकाराबद्दल जाहीर इशारा दिलेला आहे. अहवाल हवा असेल तर ज्याला हवा त्याने काढावा, किंवा तुम्ही तुमच्या माहितीतल्या ठिकाणाहून काढा.

गाडी देताना किल्ल्यांबरोबर खातंही सुटलं पाहिजे. आधी अॅपमधून गाडी काढून टाका, मग गाडीची स्क्रीन मूळ स्थितीवर आणा, कारण तिच्यात तुमचे कॉन्टॅक्ट, घराचा पत्ता आणि गेलेल्या वाटा साठलेल्या असतात. सुरक्षातज्ज्ञ चार्ल्स हेंडरसन यांनी २०१७ मध्ये जाहीर सांगितलं होतं की, विकून बराच काळ लोटलेली त्यांची जुनी गाडी त्यांच्या फोनमधल्या अॅपवर अजून दिसत होती आणि ती दुरून उघडताही येत होती. गाडी विकणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याला ही गोष्ट अधिक लागू आहे. जुनी गाडी घेतल्यावर कंपनीला किंवा डीलरला कळवून आधीच्या मालकाचं खातं त्या चेसिस नंबरावरून तोडून घ्या आणि तसं लेखी मागा. नुसती स्क्रीन मूळ स्थितीवर आणून सर्व्हरवरचं नातं तुटतंच असं नाही.

नंबर आधीच बाहेर गेला असेल तर

चेसिस नंबर पासवर्डसारखा बदलता येत नाही, म्हणून त्याच्याभोवतीचे मणी कमी करायचे. पूर्ण नंबर अवतरणचिन्हांत टाकून शोधा. जिथे सापडेल तिथली जाहिरात फक्त "विकली" अशी खूण न करता काढून टाका किंवा फोटो बदला. एका ठिकाणची जाहिरात उचलून दुसरीकडे छापणारी संकेतस्थळं असतात, त्यांना वेगळं कळवावं लागतं. अॅपचा पासवर्ड बदला, दुपदरी पडताळणी चालू करा आणि वापरकर्त्यांच्या यादीत अनोळखी नाव नाही ना ते पाहा.

जोडगाडीचा संशय आला, म्हणजे न गेलेल्या ठिकाणचा दंड किंवा टोल आला, तर तो भरून विषय मिटवू नका. भरणं म्हणजे ती गाडी तुमचीच होती असं मान्य केल्यासारखं होतं. त्या वेळी तुमची गाडी दुसरीकडे होती याचा पुरावा गोळा करा: पार्किंगची पावती, इंधनाचं बिल, सर्व्हिसची नोंद, डॅशकॅमचं चित्रण. नोटिशीबरोबर आलेला फोटो मागवा आणि आपल्या गाडीशी बारकाईने ताडून पाहा. बंपरवरचा ओरखडा, चाकांची नक्षी, काचेवरचा स्टिकर, छताचा अँटेना यांत फरक सापडतोच. मग पोलीस, नोंदणी कार्यालय आणि विमा कंपनी या तिघांनाही एकाच दिवशी लेखी कळवा आणि पोच घ्या. यापुढे येणाऱ्या प्रत्येक नोटिशीला त्याच पोचेची प्रत जोडायची आहे, म्हणून ती गाडीच्या कागदांबरोबरच ठेवा.